पेडणे व डिचोलीचे शिवार : व्यापाऱ्याच्या दृष्टीने

धान्याचा व्यापार करणाऱ्यास पोते रोज दिसते. शेत मात्र क्वचितच दिसते. गोव्यात तर आपले बहुतेक धान्य घाट उतरून येते, त्यामुळे पिकविणारा व विकणारा यांची गाठ सहसा पडत नाही. ती पडावी या हेतूने गेल्या मार्च महिन्यात काही सभासद कुटुंबांसह आम्ही पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांत दोन दिवसांचा प्रवास केला. त्यात जे पाहिले, ते वाचकांसमोर ठेवीत आहोत.

पहिला मुक्काम कोरगावचे खाजन. खाडीच्या काठी मातीचे बांध घालून समुद्रापासून मिळविलेली ही जमीन होय. बांधात 'मानस' नावाची लाकडी दारे असतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने ती आपोआप मिटतात व ओहोटीला शेतातील पाणी बाहेर सोडतात. पावसाने मातीतील खार धुऊन निघाला की तेथे 'कोरगुट' हे भात पेरतात. खारे पाणी सोसणारे, लाल दाण्याचे हे वाण पेजेस व उकड्या तांदळास उत्तम. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने यातूनच निवड करून 'गोवा धान १' व 'गोवा धान २' ही वाणे दिली आहेत.

परंतु खाजनाचा धर्म असा की, येथे कोणीही एकटा शेतकरी राहू शकत नाही. बांध एका जागी फुटला तर खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. पीक परवडेनासे झाले की शेत पडीक राहते, बांधाकडे दुर्लक्ष होते आणि शेजाऱ्याचेही पीक जाते. मानशीतील मासळीचा लिलाव होतो. त्या उत्पन्नासाठी काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत ठेवले जाते, अशीही शेतकऱ्यांची तक्रार आहे. तेव्हा कोरगुटास गिऱ्हाईक मिळणे हा केवळ भावाचा प्रश्न नसून बांध टिकण्याचा प्रश्न आहे.

हरमल येथे अंगणोअंगणी मिरची वाळत घातलेली दिसली. या मिरचीस २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी गोव्याच्या खाज्यासही ते लाभले. आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ काढण्याचे काम चालू होते. गोव्याचे मीठ एके काळी दूरदूर जात असे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये त्यावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि या धंद्यास जबर धक्का बसला. राजकीय करार साध्या आगऱ्याच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या दिवशी डिचोली. येथील कुळागरांत पोफळ, नारळ, केळी, मिरवेल व भिरंड एकाच पाटाच्या पाण्यावर नांदतात. एका पिकाचा भाव पडला तर दुसरे हात देते. पण याच तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. खाणींचा लाल गाळ शेतात उतरून कित्येक शेते नापीक झाली. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले, तेव्हा खाणीवर पोट असलेल्या कुटुंबांची अडचण झाली. २०२४ पासून ते काही प्रमाणात पुन्हा सुरू झाले आहे. खाण बंद असता रोजगार नाही आणि चालू असता शेत नाही, अशा पेचात ही गावे आहेत. कुडणे येथे प्राचीन जैन बस्तीचे अवशेष आहेत, तेही आम्ही पाहिले. आपल्या धर्माचे लोक या भूमीत किती पूर्वीपासून वावरत होते, याची ती साक्ष आहे.

आता व्यवहाराचे बोलू. स्थानिक माल महाग पडतो, ही गोष्ट खरी. ढीग लहान, प्रत एकसारखी नाही आणि उकडण्या-कांडण्याचा खर्च अधिक. केवळ अभिमानापोटी घेतलेला माल वखारीत पडून राहील, तर त्यात शेतकऱ्याचेही हित नाही. म्हणून आमच्या मते तीन गोष्टी करता येतील. कापणीपूर्वीच भाव ठरवून मागणी नोंदवावी. माल वजन होताच रोख रक्कम द्यावी. आणि गावाचे नाव लावून हा माल वेगळाच ठेवावा. घाटावरच्या लाल तांदळात तो मिसळू नये, तसेच दुसरी मिरची हरमलची म्हणून विकू नये. मानांकनाचा खोटा वापर हा कायद्याने गुन्हा आहेच. पण हिणकस माल अस्सल म्हणून विकणे, म्हणजेच प्रतिरूपक व्यवहार, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे आपल्या घरांत कायद्याच्या कितीतरी आधीपासून शिकविले गेले आहे.

पेडण्यात मोपा येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली व जमिनीचे मोल वाढले. एकदा विकलेले शेत पुन्हा शेत होत नाही. प्रत्येक सभासदाने हंगामात कोरगुटाची चार पोती जरी घेतली, तरी एखादा बांध दुरुस्त होण्यास हातभार लागेल. येत्या कापणीपूर्वी सभासद बंधूंनी याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती.