वीज गेल्यानंतरचे शहाणपण

वीज गेली की आपण विचारतो, "कधी येणार?" ती आणणारा कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतले, तरच दीर्घ अंधारात घर कसे चालवावे ते कळते. मी कॉलेजची पायरी चढलेला नाही. येथे सांगतो ते तारेवर काम करणाऱ्या माणसांच्या सहवासात शिकलेले आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने आपल्या धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः भूम व परंडा तालुक्यांत, हाहाकार उडविला. अशा वेळी वीज लवकर का येत नाही? ती साखळीने येते म्हणून. उपकेंद्रातून निघालेली ११,००० व्होल्टची वाहिनी गल्लीतल्या रोहित्रापर्यंत, म्हणजे आपल्या डीपीपर्यंत येते. तेथे दाब उतरतो आणि घरात २३० व्होल्ट पोचतात. मधली एक कडी तुटली की पुढचे सारे अंधारात. खांब पाण्यात, वाट चिखलात, आणि तार कोठे तुटली ते पायी फिरून शोधायचे. शिवाय हात लावण्यापूर्वी वाहिनी बंद करून तारा जमिनीला जोडाव्या लागतात. हा उशीर नव्हे. एका माणसाच्या जिवाचे ते रक्षण होय.

तोवर घरात काय करावे? पहिली चिंता पाण्याची. मोटार बंद, म्हणजे टाकी भरणार नाही. म्हणून आहे ते पाणी पिण्याचे व वापराचे असे त्याच वेळी वेगळे करावे. फ्रीज वारंवार उघडू नये. दार मिटलेले राहिले तर सुमारे चार तास आतला गारवा टिकतो. दूध आधी तापवून संपवावे. गिरणीही बंद असते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याचे पीठ घरात असावे. इन्सुलिनची कुपी कोरड्या डबीत घालून ओल्या माठात ठेवावी. घरात प्राणवायूच्या यंत्रावरील रुग्ण असेल, तर जनरेटर असलेला दवाखाना कोणता, हे आधीच ठरवून ठेवावे. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर मिटल्या खोलीत कधीही चालवू नये. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही जण जनरेटरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. घर उजळते, परंतु मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज उलट डीपीकडे जाते. रोहित्र जसा दाब उतरविते तसाच तो उलट दिशेने चढवितेही. घरातले २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात, आणि तेथे वाहिनी बंद आहे अशा भरवशावर लाइनमन खांबावर चढलेला असतो. म्हणून चेंजओव्हर स्विच बसविल्याशिवाय जनरेटर घराला जोडू नये. छतावरील सौर संच वाहिनी बंद पडताच बहुधा आपोआप थांबतो, त्याचेही कारण हेच. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. वस्तुतः ती रक्षणाची योजना आहे.

स्वतः डीपीवर फ्यूज टाकण्याचे धाडसही कोणी करू नये. तुटलेली तार मृत दिसली तरी जिवंत समजावी, गुरे व मुले दूर ठेवावीत, आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

वीज परत येते तेव्हाही एक कसोटी असते. घराघरांतले पंखे, मोटारी आणि शेतातले ऑटोस्विच लावलेले पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर वाहिनीवर एकदम भार पडून ती पुन्हा बंद पडते. यासाठी वीज जाताच मोठी उपकरणे बंद करावीत, एक दिवा तेवढा चालू ठेवावा; तो लागल्यावर थोड्या वेळाने बाकीची एकेक करून लावावीत. एका घराने हे केले तर फारसा उपयोग नाही. सगळ्या गल्लीने केले तर वाहिनी टिकते.

संघटना म्हणजे केवळ मोर्चा आणि घोषणा नव्हे. न पाहिलेल्या माणसाच्या जिवाची काळजी आपल्या घरात बसून घेणे, हीही संघटनाच आहे. वीजपुरवठा वेळेवर व्हावा, लाइनमनला हातमोजे व पुरेसे सोबती मिळावेत, ही मागणी आपण जोराने करू या. आणि ती करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातला मेन स्विच कोठे आहे, हे आज घरी गेल्यावर कुटुंबातील सर्वांना दाखवून ठेवावे.