चित्रपटाची अस्सल प्रत

ग्रंथाचा कर्ता दिवंगत झाल्यानंतर, किंवा हयात असतानाच तो आपल्या ग्रंथात फेरफार करू लागल्यानंतर, वाचकांच्या हाती प्रथम आलेली संहिता जतन करण्याचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या क्षेत्रात जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधणारे पाठचिकित्सेचे शास्त्रही आपल्याकडे चांगले रुजलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले, विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून त्याला शिस्त लावली, आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले, तोवर विद्वानांच्या दोन पिढ्या ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची ओळीओळीने रुजुवात घेण्यात खर्ची पडल्या होत्या. चित्रपट ही कला जेमतेम सव्वाशे वर्षांची. परंतु तिच्या बाबतीतही हाच प्रश्न आज उभा राहिला असून, त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत मोठमोठ्या संस्थांच्या बरोबरीने असे काही रसिकही आहेत की ज्यांना या कामाचे ना पद मिळते ना वेतन. जुन्या चित्रपटांच्या जीर्ण प्रती मिळवाव्यात, त्यांतील चौकट न् चौकट तपासावी, आणि अखेर आपल्या हाताने एक ब्लू-रे चकती सिद्ध करावी, हा त्यांचा उद्योग वरवर छंदासारखा दिसला, तरी त्यामागील निष्ठा संशोधकाची आहे.

या परंपरेचे आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव घ्यावे ते केव्हिन ब्राउनलो हे इंग्रज इतिहासकार होत. १९५४ साली, शाळकरी वयात, आबेल गान्स यांच्या ‘नेपोलियन’ या १९२७ सालच्या फ्रेंच मूकपटाची काही रिळे त्यांच्या हाती लागली. ती साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरची, घरगुती प्रक्षेपणासाठी काढलेली संक्षिप्त नक्कल होती. परंतु तीवरून मूळ कृतीच्या भव्यतेची कल्पना येऊन उरलेला चित्रपट शोधून काढण्याचा ध्यास त्या मुलाने घेतला, तो आयुष्यभर सोडला नाही. १९७९ साली अमेरिकेतील टेल्युराइड येथे ब्राउनलो यांनी जुळवलेली आवृत्ती दाखविण्यात आली, तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावरील गान्स स्वतः तेथे उपस्थित होते. आणि पुढे २०१६ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने साडेपाच तासांची विस्तारित आवृत्ती ब्लू-रेवर प्रसिद्ध केली. एका विद्यार्थ्याच्या कुतूहलापासून राष्ट्रीय संस्थेच्या प्रकाशनापर्यंतचा हा प्रवास लक्षात घेतला, म्हणजे हौशी माणसाच्या श्रमांकडे उपेक्षेने पाहणे किती चुकीचे आहे, हे सहज ध्यानात येते.

आजच्या काळातील याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण म्हणजे जॉर्ज लूकस यांचा ‘स्टार वॉर्स’. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत तो प्रदर्शित झाला, संकलन आणि दृश्यचमत्कृती यांसह अनेक ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली, आणि १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत प्रथम दाखल झालेल्या २५ चित्रपटांत त्याची गणना झाली. पण १९९७ साली लूकस यांनी त्याची ‘विशेष आवृत्ती’ काढली. तीत संगणकाने निर्मिलेले प्राणी आणि वाहने आली, एक वगळलेला प्रवेश नव्याने घातला गेला, एका प्रसिद्ध प्रसंगात गोळी प्रथम कोणी झाडली हेही बदलले, आणि हे सारे करताना मूळ निगेटिव्हमध्येच नवी दृश्ये जोडण्यात आली. २००४ च्या डीव्हीडीत आणि २०११ च्या ब्लू-रेत आणखी फेरफार झाले. पहिली आवृत्ती २००६ साली एकदा डीव्हीडीच्या जोडचकतीवर देण्यात आली खरी, परंतु ती १९९३ सालच्या लेसरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मुद्रणावरून काढलेली, म्हणजे नव्या काळाच्या मानाने अगदीच धूसर होती. ज्या संकलनाला पारितोषिक मिळाले आणि जी कृती राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदली गेली, ती तिच्या मूळ रूपात उत्तम दर्जाने पाहण्याचा एकही राजमार्ग सामान्य प्रेक्षकाला उरला नाही.

कर्त्याला आपली कृती सुधारण्याचा अधिकार आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु सुधारलेली आवृत्ती पहिलीच्या शेजारी ठेवणे निराळे, आणि पहिली व्यवहारातून काढून घेणे निराळे. खुद्द लूकस यांनीच मार्च १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना, कृष्णधवल चित्रपट रंगवून काढण्याच्या प्रथेविरुद्ध बोलताना, जुन्या कलाकृतींमधील असल्या फेरफारांवर कठोर टीका केली होती. आणि त्यांची ती भूमिका मला आजही पूर्णपणे ग्राह्य वाटते. एकदा लोकांनी पाहिलेला, लोकांच्या स्मृतीत आणि कलेच्या इतिहासात स्थिरावलेला चित्रपट हा कर्त्याच्या मालकीचा असला तरी केवळ त्याचा राहत नाही.

मूळ आवृत्तीचा हा अभाव भरून काढण्यासाठी रसिकांनी जे प्रयत्न केले, त्यांत दोन स्पष्ट संप्रदाय दिसतात, आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ते दोन्ही परिचित वाटतील. पहिला संप्रदाय अनेक प्रतींच्या मेळातून संहिता सिद्ध करणारा. चेक प्रजासत्ताकातील एका तरुणाच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘डिस्पेशलाइज्ड’ नावाच्या आवृत्तीत अधिकृत ब्लू-रे हा पाया धरला आहे. जेथे जेथे नंतरची भर आढळली तेथे ती काढून, जुनी डीव्हीडी, चित्रफितींचे स्कॅन आणि इतर साधने यांतून मूळ दृश्य बसविले आहे. दुसरा संप्रदाय एका उत्तम प्रतीला प्रमाण मानणारा. २०१८ साली पूर्ण झालेल्या ‘फोर-के ७७’ या प्रकल्पात १९७७ सालची पस्तीस मिलिमीटरची खरीखुरी प्रिंट चौकटीमागून चौकट स्कॅन करण्यात आली, आणि तिच्यात जेथे खंड पडला होता तेवढ्याच ठिकाणी इतर प्रतींचा आधार घेण्यात आला. पहिल्या पद्धतीत चित्र अधिक निर्मळ मिळते, दुसऱ्या पद्धतीत साक्ष अधिक विश्वसनीय मिळते. आणि निवड करावीच लागली तर माझा कौल दुसरीला राहील, कारण तीत प्रेक्षकाने पाहिलेली वस्तूच आपल्यासमोर येते.

प्रत निवडण्यात रसायनशास्त्राचाही विचार करावा लागतो. त्या काळच्या सर्वसाधारण रंगीत प्रिंटमधील निळसर रंगद्रव्य प्रथम विरते आणि काही दशकांत सारा चित्रपट तांबूस दिसू लागतो. याच्या उलट टेक्निकलर पद्धतीत तीन रंगद्रव्ये एकामागून एक फितीवर छापली जात, आणि ती द्रव्ये स्थिर असल्यामुळे अशा प्रिंटचे रंग पन्नास वर्षांनंतरही टिकून राहतात. अमेरिकेतील तो छापखाना सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर बंद झाला असला तरी इंग्लंडमधील कारखाना आणखी काही वर्षे चालू होता. म्हणून ‘स्टार वॉर्स’च्या तेथे निघालेल्या प्रिंट रंगांचा दाखला म्हणून अमोल ठरतात.

स्कॅन हाती आल्यावर खरी कसोटी सुरू होते. चित्रपट १२१ मिनिटांचा आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण सुमारे पावणेदोन लाख चौकटी. त्यांवरील धूळ, ओरखडे, जोडांच्या खुणा आणि प्रक्षेपकात फीत हलल्यामुळे आलेला कंप हे सर्व दूर करायचे. यंत्राच्या हाती हे काम सर्वस्वी सोपविले तर ते ओरखड्याबरोबर पावसाची धार किंवा डोळ्यातील चमकही पुसून टाकते. फितीवरील रवाळ पोत हा दोषांत मोडत नाही, तो चित्राचे द्रव्यच आहे. अतिउत्साहाने तो घासून काढला की चेहरे मेणाचे दिसू लागतात. कोठे थांबावे हे ज्याला कळले, तोच या कामास पात्र.

ध्वनीची कैफियत याहून गुंतागुंतीची आहे. १९७७ साली हा चित्रपट एकमार्गी, द्विमार्गी आणि सत्तर मिलिमीटरच्या भव्य पडद्यासाठी बहुमार्गी अशा निरनिराळ्या मिश्रणांत निघाला, आणि त्यांपैकी एकमार्गी मिश्रणात काही संवाद व एका पात्राचा आवाजही वेगळा आहे. यांतील अस्सल कोणते, असा वाद घालण्यापेक्षा चकतीवर ती सारी मिश्रणे पाठभेदांसारखी शेजारी शेजारी ठेवणे रसिकांनी पसंत केले, हे त्यांच्या विवेकाचे लक्षण होय. इतर जुन्या चित्रपटांच्या बाबतीत लेसरडिस्कवरील जुना ध्वनी घेऊन तो नव्या चित्राशी जुळविणे हे नित्याचे काम असते. ध्वनीचा उगम युरोपीय दूरदर्शनच्या पद्धतीचा असेल, तर तेथे २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालविला जात असल्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि पात्रांचे आवाज किंचित चढे होतात. तो ध्वनी त्याच प्रमाणात मंद केल्यावाचून ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

शेवटी हे सारे चकतीवर उतरवायचे. ब्लू-रे २००६ साली बाजारात आली. तीसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा लेसर किरण योजलेला असून, डीव्हीडीच्या तांबड्या किरणापेक्षा तो अधिक सूक्ष्म खुणा वाचू शकत असल्यामुळे, तेवढ्याच आकाराच्या चकतीवर एका थरात २५ आणि दोन थरांत ५० गिगाबाइट माहिती मावते. चित्राची मर्यादा १९२० गुणिले १०८० बिंदूंची, आणि चित्रप्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला ४० मेगाबिट. दोन तासांचा चित्रपट एकेरी थराच्या चकतीवर बसवायचा तर चित्र व ध्वनी मिळून सरासरी २७ मेगाबिटच्या आसपासच वाट्याला येतात. आणि रवाळ पोत जपायचा म्हटला की जागा अधिक लागते, म्हणून कोणत्या प्रवेशाला किती द्यायचे याचा हिशेब करकसरीने करावा लागतो. सबटायटल येथे अक्षरे म्हणून जात नाहीत, त्यांची लहान लहान चित्रे करून ती ठरलेल्या क्षणाला दाखविली जातात. मग प्रकरणे पाडायची, मेन्यू रचायचा, आणि ठरावीक नावांच्या कप्प्यांत सर्व दप्तर लावायचे. एखादा नियम चुकला तर संगणकावर सुरेख दिसणारी चकती दिवाणखान्यातील यंत्र नाकारते. म्हणूनच जाणकार मंडळी आपली चकती निरनिराळ्या बनावटींच्या यंत्रांवर चालवून पाहिल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत.

या प्रयत्नांना कायद्याची बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चित्रपटाचे हक्क शाबूत असताना परवानगीवाचून त्याची प्रत काढून वाटणे बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि अमेरिकेत तर चकतीवरील कुलूप तोडण्यासही १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. आपली कृती विकू नये, आणि अधिकृत चकती विकत घेतलेल्यानेच ती वापरावी, असा शिरस्ता या मंडळींनी घातला आहे. तो नैतिक दृष्ट्या आदरणीय असला तरी कायद्याचे संरक्षण त्याने मिळत नाही. भारतात चित्रपटाचे हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतात, आणि त्यानंतर ती कृती सर्वांची होते. ज्याला हा व्यासंग करायचा आहे, त्याने अशा मुक्त झालेल्या चित्रपटांपासून आरंभ करावा, हे उत्तम.

आपल्याकडे अशा कामाची निकड किती आहे, हे एकाच उदाहरणाने कळेल. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चार रिळांच्या चित्रपटाची आज पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उपलब्ध आहेत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेथे पी. के. नायर यांनी जन्मभर रिळे गोळा केली, म्हणून निदान एवढे तरी हाती राहिले. त्याच संग्रहालयात जपलेल्या निगेटिव्हवरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे पुनरुज्जीवन केले, आणि पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून १९७६ साली उभा राहिलेला तो चित्रपट २०२४ मध्ये कान येथे पुन्हा पडद्यावर आला.

संस्थांची साधने आणि रसिकांची चिकाटी यांत वैर असण्याचे कारण नाही, हे २०२५ सालच्या जूनमध्ये लंडनला सिद्ध झाले. तेथे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘स्टार वॉर्स’ची १९७७ सालची मूळ टेक्निकलर प्रिंट हक्कदारांच्या संमतीने जाहीरपणे दाखविली. जी प्रत प्रेक्षकांसमोर कधीच येणार नाही असे वर्षानुवर्षे वाटत होते, ती अखेर आली, आणि तिची मागणी जागती ठेवण्याचे श्रेय या अनाम कारागिरांना दिलेच पाहिजे. परंतु त्यांच्यावर एक जबाबदारीही आहे. सुखठणकरांच्या आवृत्तीचे बळ तिच्या तळटीपांत आहे; कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितातला, हे तेथे प्रत्येक श्लोकाखाली नमूद आहे. घरी सिद्ध केलेल्या प्रत्येक चकतीसोबतही कोणते रीळ कोणत्या प्रिंटमधले, कोठे दुरुस्ती केली, रंग कशाच्या आधारे ठरविला, ध्वनी कोठून घेतला, याचा संपूर्ण तपशील लिहिलेला असावा. असा दाखला सोबत असेल, तर उद्याचा संशोधक तीवर विश्वास ठेवू शकेल आणि तिच्यातील चूक सुधारूही शकेल. तो नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी एका नव्या फेरफाराखेरीज तिची किंमत अधिक होणार नाही.