कारण आणि सबब : न्यायालयातील कृत्रिम बुद्धिमत्ता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस नावाचे एक नगर आहे. तेथे २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात धावत्या मोटारीतून गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी लूमिस नावाच्या इसमास पकडण्यात आले. गोळीबारात आपला हात असल्याचे त्याने नाकारले. परंतु मालकाच्या संमतीवाचून मोटार चालविणे आणि वाहतूक पोलिसास हुलकावणी देऊन पळू पाहणे, हे दोन त्यामानाने कमी गंभीर गुन्हे त्याने मान्य केले. शिक्षा ठरविण्यापूर्वी अपराध्याच्या पूर्वायुष्याची माहिती देणारा अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवावा, अशी तेथील जुनी रीत आहे. त्याप्रमाणे अहवाल आला. त्यात नवे होते ते तीन छोटे आलेख. 'कॉम्पास' या नावाच्या संगणकीय साधनाने ते काढले होते. खटल्यापूर्वी सोडल्यास, एरवी, आणि हिंसेच्या बाबतीत, अशा तिन्ही दृष्टींनी हा मनुष्य पुन्हा गुन्हा करण्याचा धोका 'उच्च' आहे, असे ते आलेख सांगत होते. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना या गुणांकाचा उल्लेख केला आणि सहा वर्षांचा कारावास व त्यापुढे पाच वर्षांची देखरेख असा निर्णय दिला.

लूमिसचे गाऱ्हाणे साधे होते. माझ्याविरुद्ध जे बोलले गेले, ते कशावरून, हे मला कळू द्या. साक्षीदार माणूस असता, तर त्याची उलटतपासणी घेता आली असती. त्याने काय पाहिले, किती अंतरावरून पाहिले, पूर्वी त्याचे आरोपीशी भांडण होते काय, हे विचारता आले असते. या साक्षीदाराचे पोट मात्र कुलूपबंद होते. निरनिराळ्या गोष्टींना किती वजन द्यायचे हे आमचे व्यापारी गुपित आहे, असे ते साधन तयार करणाऱ्या नॉर्थपॉइंट कंपनीचे म्हणणे होते. विशेष म्हणजे ते गुपित न्यायाधीशांसही ठाऊक नव्हते.

येथे थोडे थांबून हे साधन काय करते ते पाहिले पाहिजे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या भारदस्त शब्दाने असा समज होतो, की यंत्र आरोपीकडे पाहून त्याच्या मनाचा ठाव घेत असावे. तसे काही नसते. विमा कंपनीचा गणिती ज्याप्रमाणे हजारो माणसांच्या आयुर्मानाची कोष्टके मांडतो, त्याच जातीचे हे काम आहे. पूर्वी सुटलेल्या हजारो लोकांची माहिती जमवावयाची; वय, पूर्वीच्या शिक्षा, रोजगार, मित्रमंडळी इत्यादी गोष्टींची पुढील वर्तनाशी कोठे सांगड दिसते ते संख्याशास्त्राने हुडकावयाचे; आणि नवा मनुष्य समोर आला की तो ज्या समूहासारखा दिसतो, त्या समूहाचा आकडा त्यास लावावयाचा. कॉम्पासच्या प्रश्नावलीत १३७ पर्यंत प्रश्न असतात आणि उत्तर एक ते दहा या गुणांकाने मिळते. विमा कंपनीस हजारातले किती दगावतील याची अटकळ असते. कोण दगावेल हे तिला ठाऊक नसते, आणि तिच्या धंद्यास त्याची गरजही नसते. न्यायालयापुढे मात्र हजार माणसे उभी नसतात. एक उभा असतो.

लूमिसचे अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १३ जुलै २०१६ रोजी त्याचा निकाल लागला. शिक्षा कायम राहिली. न्यायालयाचे म्हणणे असे, की प्रश्न व त्यांची उत्तरे अहवालात आहेत, ती खरी की खोटी हे आरोपीस तपासता येते. शिवाय गुणांक नसता तरी शिक्षा हीच झाली असती. तथापि पुढील काळासाठी न्यायालयाने काही बंधने घातली. तुरुंगात पाठवावयाचे की नाही, अथवा किती वर्षे पाठवावयाचे, हे गुणांकावरून ठरविता येणार नाही. ज्या अहवालात असा गुणांक असेल, त्यावर लेखी सावधगिरीच्या सूचना जोडल्या पाहिजेत : घटकांना दिलेले वजन गुप्त आहे, गुणांक समूहाच्या माहितीवरून काढलेला आहे, अल्पसंख्य वंशांच्या लोकांस तो प्रमाणाबाहेर धोकादायक ठरवितो काय, अशी शंका काही अभ्यासांत घेतली गेली आहे, आणि विस्कॉन्सिनच्या लोकसंख्येवर त्याची फेरतपासणी झालेली नाही. औषधाच्या बाटलीवर 'विष' अशी चिठ्ठी लावावी आणि बाटली रुग्णाच्या उशाशी तशीच ठेवावी, असा हा प्रकार प्रस्तुत लेखकास वाटतो. आकडा एकदा डोळ्यांखालून गेला म्हणजे तो मनातून पुसून टाकणे न्यायाधीशासही सोपे नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये या प्रकरणात लक्ष घालण्याचे नाकारले.

निकालाच्या दोनच महिने आधी, मे २०१६ मध्ये, 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने फ्लोरिडा राज्याच्या ब्रॉवर्ड परगण्यातील सात हजारांहून अधिक अटक झालेल्या लोकांचे गुणांक मिळविले आणि पुढील दोन वर्षांत त्यांचे काय झाले याच्याशी ते ताडून पाहिले. ज्यांनी पुन्हा गुन्हा केल्याचे आढळले नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर धोक्याचा शिक्का बसला होता. गौरवर्णीयांत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. उलट ज्यांनी पुन्हा गुन्हा केला, त्यांच्यापैकी सौम्य ठरलेले लोक गौरवर्णीयांत सुमारे ४८ टक्के आणि कृष्णवर्णीयांत २८ टक्के होते. आणि प्रश्नावलीत वंशाचा प्रश्न तर मुळीच नव्हता! यावर कंपनीने उत्तर दिले, की आमच्या साधनाने 'धोकादायक' म्हटलेल्यांपैकी पुढे खरोखर गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही वंशांत जवळपास सारखेच आहे. मग पक्षपात कोठे राहिला?

नवल असे, की दोघांचेही आकडे बरोबर होते. हे कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. वाचकांनी पाटीपेन्सिल जवळ घ्यावी.

दोन समूह घ्या, प्रत्येकी शंभर माणसांचे. पहिल्यात ५० जण पुन्हा गुन्हा करणारे आहेत, दुसऱ्यात २०. यंत्राने पहिल्या समूहातील ५० जणांना 'धोकादायक' ठरविले. त्यांपैकी ३५ तसे निघाले, १५ निघाले नाहीत. दुसऱ्या समूहातील २० जणांना तसे ठरविले. त्यांपैकी १४ तसे निघाले, ६ निघाले नाहीत. म्हणजे यंत्राचा शब्द दोन्हीकडे शंभरात ७० वेळा खरा ठरला. कंपनी म्हणते तो समभाव तो हाच. आता निरपराध राहिलेल्यांच्या बाजूने मोजा. पहिल्या समूहात असे ५० जण. त्यांतल्या १५ जणांवर, म्हणजे ३० टक्क्यांवर, नाहक शिक्का बसला. दुसऱ्या समूहात असे ८० जण. त्यांतल्या ६ जणांवर, म्हणजे साडेसात टक्क्यांवर. यंत्र तेच, गणितात चूक नाही, आणि तरीही पहिल्या समूहातील निरुपद्रवी माणसाच्या वाट्यास चौपट अन्याय आला. दोन समूहांतील मूळ प्रमाण भिन्न असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर समभावाच्या या सर्व कसोट्या एकाच वेळी पुऱ्या करता येत नाहीत, हे क्लाइनबर्ग, मुलाइनाथन व राघवन यांनी, तसेच स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा शूल्डेकोवा यांनी, त्याच सुमारास गणिताने दाखवून दिले. मग कोणती कसोटी धरावी आणि कोणती सोडावी? हा प्रश्न गणिताचा नव्हे. तो विधिमंडळाचा, न्यायालयाचा आणि नागरिकांचा आहे. परंतु कुलूपबंद पेटीत तो कोण्या अभियंत्याने आधीच परस्पर सोडविलेला असतो.

शिवाय त्या मूळ प्रमाणाविषयीही जपून बोलावे लागते. यंत्रास 'गुन्हा' म्हणून जे शिकविले जाते, ते बहुधा अटकेची नोंद असते. ज्या वस्तीत शिपायांची गस्त अधिक, तेथे अटका अधिक. आणि जेथे अटका अधिक, तेथील रहिवासी यंत्राच्या लेखी अधिक धोक्याचे.

एवढे करून ते १३७ प्रश्न कामाचे तरी होते काय? २०१८ मध्ये ड्रेसेल व फरीद या दोन संशोधकांनी ब्रॉवर्डच्याच नोंदी घेऊन प्रयोग केला. कायद्याचे शिक्षण नसलेल्या सामान्य माणसांनी थोडक्यात माहिती वाचून जे अंदाज केले, ते कॉम्पासइतकेच, म्हणजे साधारण ६५ टक्के, बरोबर आले. पुढे त्यांनी केवळ वय आणि पूर्वीच्या शिक्षांची संख्या या दोनच गोष्टींवरून एक लहानसे सूत्र बांधले. त्याची अचूकताही तेवढीच निघाली. ते सूत्र शाळेच्या फळ्यावर लिहिता येईल, आणि आरोपीच्या वकिलास त्यावर बोटही ठेवता येईल. न्यू जर्सी राज्यात २०१७ पासून जामिनाच्या कामी वापरात आलेले साधन काहीसे या वळणाचे आहे. ते नऊ घटक पाहते आणि प्रत्येक घटकाचे गुण जाहीर केलेले आहेत. ते निर्दोष आहे असे नव्हे. अटकेच्या नोंदींतील दोष त्यासही चिकटतात. परंतु त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

सर्वच यंत्रे इतकी सुटसुटीत नसतात. आजच्या काही प्रणालींत कोट्यवधी आकडे परस्परांत गुंतलेले असतात, आणि त्या बांधणारासही अमुक उत्तर का आले हे सांगता येत नाही. अशा यंत्रास बोलते करण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. त्यांपैकी एकीचे मूळ लॉइड शॅप्ली या गणितज्ञाच्या १९५३ च्या एका शोधात आहे. अनेक भागीदारांनी मिळून धंदा केला, तर नफ्यातला न्याय्य वाटा प्रत्येकास किती, हा त्याचा प्रश्न होता. प्रत्येक भागीदार निरनिराळ्या मंडळींत सामील झाल्याने नफा किती वाढतो, त्याची सरासरी काढावी, हे त्याचे उत्तर. २०१७ मध्ये हीच रीत यंत्रांच्या निर्णयांस व्यापक रूपाने लावण्यात आली : वय, रोजगार, पूर्वीची अटक हे जणू भागीदार, आणि गुणांक हा नफा. उत्तर मिळते ते असे, की या गुणांकात वयाचा वाटा इतका, रोजगाराचा इतका.

अनुवादकाच्या टेबलावर येथे एक अडचण उभी राहते. या विद्येच्या इंग्रजी नावासाठी मराठीत 'स्पष्टीकरण' हा शब्द रूढ होत आहे. पण आपल्या भाषेत त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द बसलेले आहेत, 'कारण' आणि 'सबब'. जुन्या कचेरीच्या कागदांत 'सबब' म्हणजे 'या कारणास्तव'. निकालाचे शेवटचे वाक्य कित्येकदा त्याच शब्दाने सुरू होई. घरात मात्र 'सबबी सांगू नकोस' असे आपण म्हणतो, तेव्हा मागाहून जुळविलेले, मूळ कृत्याशी संबंध नसलेले निमित्त अभिप्रेत असते. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ कसे नांदले असतील ते असो. यंत्राबाबतचा सारा वाद याच दोन अर्थांमधला आहे. गुंतागुंतीच्या यंत्राशेजारी दुसरे सोपे यंत्र ठेवून त्याच्याकडून पहिल्याच्या वर्तनाचा खुलासा करवून घेतला, तर तो खुलासा हे पहिल्याचे कारण, की केवळ सबब? ड्यूक विद्यापीठातील सिंथिया रुडिन यांनी २०१९ मध्ये स्पष्टच लिहिले, की जेथे माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तेथे बंद पेटीचे खुलासे करीत बसू नये. मुळातच उघडी, समजण्याजोगी साधने बांधावीत.

आपल्या देशातील कायद्यास ही अपेक्षा परकी नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार निकालपत्रात वादाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे लिहावी लागतात. न्यायासारखे अधिकार वापरणाऱ्या शासकीय अधिकाऱ्यांनीही सामान्यतः कारणे नोंदविली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी यांच्या प्रकरणात सांगितले. कारण लिहावयाचे ते हरलेल्या पक्षकारासाठी, अपील ऐकणाऱ्या न्यायालयासाठी, आणि स्वतः न्यायाधीशासाठीही. लिहू लागले म्हणजे विचारातील भेगा दिसू लागतात, हा अनुभव लेखणी धरणाऱ्या प्रत्येकास आहे. युरोपात हाच विचार दुसऱ्या वाटेने पुढे आला. सरकारी मदतीत लबाडी करणारे संभाव्य लोक शोधण्यासाठी नेदरलँड्सने 'सिरी' नावाची प्रणाली चालविली होती. तिचे कार्य पुरेसे उघड व पडताळण्याजोगे नाही, आणि त्यामुळे तिला आधार देणारा कायदा खासगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरतो, असा निकाल हेग येथील न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी दिला.

जबाबदारीचा प्रश्न याच्या लगतचा आहे. अलीकडची भाषायंत्रे अस्खलित मजकूर लिहितात, पण तो खरा आहे की नाही याची पारख त्यांना असतेच असे नाही. न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राच्या भरवशावर सहा पूर्वनिर्णयांचे दाखले दिले. ते सहाही निकाल अस्तित्वातच नव्हते. हे निकाल खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होकार दिला होता! जून २०२३ मध्ये न्यायालयाने वकिलांना व त्यांच्या कार्यालयास मिळून पाच हजार डॉलरांचा दंड केला. यंत्र वापरण्यात गैर काही नाही, परंतु दाखल केलेल्या कागदाच्या खरेपणास वकीलच बांधलेला आहे, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

भारतात या यंत्रांचा न्यायालयातील एक मोठा उपयोग अनुवादाचा आहे. निकालपत्रे इंग्रजीतून भारतीय भाषांत आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' ही प्रणाली सुरू केली. मराठी ही त्यांतील एक भाषा. आपल्या खटल्याचा निकाल आपल्या भाषेत वाचावयास मिळणे ही पक्षकाराच्या दृष्टीने थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण 'लीव्ह' या इंग्रजी शब्दाचा अर्थ न्यायालयात 'परवानगी' असतो आणि कचेरीत 'रजा', हे ज्यास ठाऊक नाही, तो अपिलाची परवानगी मिळालेल्या माणसास बेधडक रजा मंजूर करून टाकील. केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी या विषयाचे धोरण जाहीर केले. निष्कर्ष, दाद, आदेश अथवा निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी अशी साधने कोणत्याही परिस्थितीत वापरावयाची नाहीत. यंत्राने केलेला अनुवाद जाणत्या अनुवादकाने किंवा स्वतः न्यायाधीशांनी तपासावयाचा. आणि जेथे जेथे यंत्राची मदत घेतली, तेथे कोणते साधन वापरले आणि ते कोणत्या माणसाने कसे पडताळले, याची नोंद न्यायालयाने ठेवावयाची.