‘अँटी-ग्लेअर’ म्हणजे नक्की काय? माळशेजच्या रस्त्यावर कळलेली गोष्ट

आजचा भाग डिंगोऱ्यातून. मागे गाड्यांचे आवाज येतील, घर कल्याण-नगर रस्त्याला लागूनच आहे, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात दादाच्या पिकअपमधून टोमॅटो घेऊन रात्री कल्याणला निघालो होतो. पिंपळगाव जोगा धरण मागे पडलं, माळशेज जवळ आला आणि समोरून ट्रकचे अप्पर लाइट. अख्खी काच पांढरी! दादाने करकचून ब्रेक मारला. ट्रक गेल्यावर दिसलं, दहा फुटांवर मागचा लाइट नसलेली मोटारसायकल, वर दोघं जण.

चहाला थांबलो तेव्हा मी शहाणपणा केला. “दादा, माझ्या मोबाइलला मॅट गार्ड आहे, उन्हात पण चमकत नाही. तसली शीट काचेला लावू.”

दादा म्हणाला, “आधी त्यातनं बघ की.” बॅगेत एक कोरा गार्ड होता, तो डोळ्यांसमोर धरला. समोरच्या हॉटेलची पाटी वाचता येईना.

असं का? मॅट गार्डवर बारीक खडबडीतपणा असतो. तो प्रकाश कमी करत नाही, नुसता विखुरतो. बटर पेपर अक्षरांवर चिकटवून ठेवा, वाचता येतं. जरा उचला, अक्षरं गायब. मोबाइलचं चित्र गार्डला चिकटून असतं म्हणून चालतं. रस्ता लांब असतो. शिवाय नियमाने पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा.

चष्म्याच्या दुकानात ‘अँटी-ग्लेअर’ म्हणतात ती मात्र वेगळीच चीज. साध्या काचेची प्रत्येक बाजू साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते, दोन्ही मिळून ८. त्यावर सुमारे १०० नॅनोमीटरचा थर दिला, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. चमक जाते, काच उलट जास्त स्वच्छ दिसते. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी साबणासारख्या पदार्थाचे ४४ अतिसूक्ष्म थर चढवून अशी काच बनवली होती. फक्त बोट लागलं तरी थर पुसला जायचा! आज मॅग्नेशियम फ्लोराइडसारखे टिकाऊ थर वापरतात.

ओळखायचं कसं? टॉर्च मारा. प्रतिबिंब फिसकटलं तर मॅट. रेखीव पण फिकट, हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग. दुकानदार दोन्हीला एकच नाव देतो, म्हणून विचारून घ्या.

आता गंमत ऐका. पिकअपमध्ये यातलं काहीच लागलं नाही. ट्रकचा उजेड काचेवरून परतत नव्हता, काचेतून आत येत होता आणि आतल्या बाजूच्या चिकट थरावर पसरत होता. तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ, श्वास आणि दादाची रोजची उदबत्ती. बाहेरून काच चकाचक, आतून वर्षभर कुणी हात लावलेला नाही! भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात टाकून पुसली, मग कोऱ्या मायक्रोफायबरने कोरडी केली. पहिलं फडकं काळं झालं. वायपरचे ओरखडे तेवढे राहिले, ते पुसून जात नाहीत.

डॅशबोर्डवरचा पांढरा टॉवेलही काढला, दिवसा त्याचंच प्रतिबिंब काचेत पडायचं. उदबत्ती आता दादा गाडीच्या बाहेर ओवाळतो.