घरच्या घरी प्रोसेसर बदलताय? आधी बोर्डाचं नाव बघा, मग पेचकस उचला

आपल्याकडं लोक अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतल्या बोर्डावर, पंख्याखाली बसलेला वडीएवढा चौकोनी प्रोसेसर. ऑनलाइन फॉर्म भरायला, झेरॉक्सच्या दुकानात किंवा पोरांच्या अभ्यासाला घेतलेले बरेच जुने कॉम्प्युटर आय-३ चे आहेत. त्यात जुन्या बाजारातला आय-५ टाकला तर मशीन आणखी काही वर्षं चालतं. पण हार्डडिस्क जुनी चकतीवाली असेल तर आधी एसएसडी बसवा. निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं.

प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर बसत नाही. उदाहरण घ्या एच-६१ बोर्डाचं. त्याचं सॉकेट ११५५ पिनांचं. त्यावर आय-३ २१२० असेल तर आय-५ २४०० बसतो, गाभे दोनाचे चार होतात. तिसऱ्या पिढीचा आय-५ ३४७० सुद्धा बसतो, पण बोर्डाचा बायोस नवा लागतो. चौथ्या पिढीचा मात्र बसतच नाही, त्याचं सॉकेट ११५० चं. दुकानदार ‘आय-५ आहे, चालतंय’ म्हणाला तरी बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरची यादी मोबाइलवर उघडून बघा. आणखी एक, विंडोज ११ साठी हे करत असाल तर करू नका. त्याला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

बायोस अपडेट करायचा तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. आणि लोडशेडिंगची वेळ बघून, यूपीएसवर. मधेच लाइट गेली तर बोर्ड चालू होत नाही.

आता खोलायचं. फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा लाकडी टेबलावर ठेवा, चादरीवर किंवा सतरंजीवर नको. अंगातली स्थिर वीज हाताला कळतही नाही, पण चिप मारते. म्हणून मधूनमधून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा.

कूलर काढण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवलेलं असेल तर जुनी पेस्ट मऊ होते. चारही पिना बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढा. कूलर हिसका देऊन उचलू नका, हळूहळू डावी-उजवीकडं फिरवत सोडवा.

सॉकेटची दांडी उघडली की आत केसासारख्या बारीक पिना दिसतील. तिथं बोट, कपडा, फुंकर, काहीही नको. एक जरी वाकली तर बोर्ड गेला समजा. नवा प्रोसेसर कडेनं धरा, त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण आणि दोन्ही खाचा जुळवून अलगद सोडा. तो आपोआप बसतो, दाबायचा नाही. जोर लागतो तो फक्त दांडी बंद करताना, आणि तेव्हा करकर आवाज येतो. घाबरू नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. नवी मधोमध, तुरीच्या दाण्याएवढीच. पसरवत बसू नका, कूलर दाबला की पसरते. पिना समोरासमोरच्या जोडीनं दाबा.

गेल्या वर्षी माझीच एक पिन अर्धवट राहिली होती. मशीन चालू व्हायचं आणि पाचेक मिनिटांत बंद पडायचं. मी दोन दिवस प्रोसेसरला शिव्या देत बसलो. बोर्डाच्या खालच्या बाजूनं बघितलं तर चौथी पिन बाहेर आलीच नव्हती. दुसरं म्हणजे, आय-३ २१२० चा कूलर ६५ वॅटचा, आय-५ २४०० ला ९५ वॅटचा लागतो. तोही बदला.

पंख्याची वायर जोडून मशीन चालू करा आणि आधी बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव व तापमान बघा. ४० ते ५५ अंशांवर थांबलं तर ठीक. ८० च्या पुढं चढतच राहिलं तर लगेच बंद करा, कूलर नीट बसलेला नाही.

जुना प्रोसेसर महिनाभर तरी डबीत जपून ठेवा. नव्याचं काही बिनसलं तर तोच परत बसवून काम चालवता येईल.