लिनक्स संगणक बंद करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतोच का?



गट ऑफिसात ऊस नोंद हल्ली संगणकावर होते. तेथे आम्हांस नेहमी विचारले जाते, "साहेब, ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडं नाही, मग संध्याकाळी मशीन बंद कसं करायचं?" पुष्कळजण सरळ भिंतीवरचे बटन दाबतात. शेवटी भरलेली लागणीची तारीख डिस्कवर पोचली नसेल, तर ती नोंद गेली. तोडणीचा क्रम त्या तारखेवरच लागतो, हे आपणांस सांगायला नको.

लिनक्स हे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केले, पण त्याची घडण १९६९ च्या युनिक्सची. तेव्हा एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. सामाईक विहिरीवर दुसऱ्याची पाळी चालू असता कुणीही मोटार बंद करू नये, तसाच हा नियम. म्हणून बंद करण्याचा अधिकार फक्त 'रूट'कडे, म्हणजे मुख्य कारभाऱ्याकडे असे.

आता तसे राहिलेले नाही. जो माणूस प्रत्यक्ष यंत्रासमोर बसून लॉगिन आहे, त्याला आजच्या बहुतेक लिनक्समध्ये पासवर्डाशिवाय बंद करता येते. मेनूतील 'पॉवर ऑफ' निवडावे, किंवा टर्मिनलमध्ये 'सिस्टमसीटीएल पॉवरऑफ' हे दोन शब्द इंग्रजीत टाईप करावेत. दुसरा कोणी लॉगिन असेल, तर बऱ्याच ठिकाणी यंत्र आधी बजावते किंवा पासवर्ड मागते. ते योग्यच आहे. दूरच्या यंत्रावरून जोडणी केली असेल, तर मात्र सहसा पासवर्ड लागतो.

तरीही अडले, तर ॲडमिनकडून 'सुडो'चा नियम करून घ्यावा. संचालक मंडळ ठराव करून एखाद्यास एकाच कामाची सही देते ना, तसेच हे. अमक्या लिपिकाने फक्त 'शटडाउन' ही आज्ञा पासवर्डाशिवाय द्यावी, एवढीच ओळ लिहायची. घाईत 'ऑल' लिहून दिले, तर सगळी तिजोरीच उघडी! ही ओळ 'विसुडो' वापरूनच लिहावी, कारण ते चूक आधी दाखवते. फाईल बिघडली तर खुद्द ॲडमिनचेही सुडो बंद पडू शकते.

पेटीवरचे बटन चार-पाच सेकंद दाबून धरणे म्हणजे वीज तोडणेच. यंत्र पूर्ण गोठले असेल, तरच ते करावे आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या नोंदी वहीशी ताडून पाहाव्यात.

— ऊस विकास विभाग