ऑक्टोबरमध्ये लपलाय आठ!

दोस्तांनो, ट्रायसेराटॉप्स हा डायनोसॉर तुम्ही चित्रात पाहिलाच असेल. केवढं लांबलचक नाव! पाठ कसं करायचं? पाठ करूच नका. सरळ फोडून बघा. ट्राय म्हणजे तीन, सेराट म्हणजे शिंग आणि ऑप्स म्हणजे चेहरा. तीन शिंगांच्या तोंडाचा प्राणी! आता चित्रातली शिंगं मोजा बरं.

हे तिन्ही तुकडे ग्रीक भाषेतले. नवं नाव हवं असलं की शास्त्रज्ञ बऱ्याचदा ग्रीक आणि लॅटिन या जुन्या भाषांकडे वळतात. ‘डायनोसॉर’ हे नावही असंच जन्माला आलं. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये ‘भयंकर’ आणि ‘सरडा’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडवलं.

खरी मजा पुढेच आहे. एक तुकडा कळला की तो भलतीकडेच भेटतो! गेंड्याला इंग्रजीत ऱ्हायनोसेरॉस म्हणतात. त्यात शिंग सापडलं का? ऱ्हायनो म्हणजे नाक. नाकावर शिंग, तो गेंडा! कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या. ट्राय तर तुम्हाला आता माहीतच आहे, आणि पॉड म्हणजे पाय. तोच पाय ऑक्टोपसच्या शेवटी ‘पस’ होऊन बसलाय. मग ऑक्टो म्हणजे? बरोबर, आठ!

पण मग ऑक्टोबर दहावा महिना कसा? कारण जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्चपासून मोजा, ऑक्टोबर आठवाच येईल. सप्टेंबर सातवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीवर आली, नावं मात्र तीच राहिली.

आता या नावांत लपलेले लॅटिन आकडे मोठ्यानं म्हणा: सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेसेम. लगेच आपले संस्कृत आकडे म्हणा: सप्त, अष्ट, नव, दश. केवढं साम्य! भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यातल्या भाषणात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. आज भाषाशास्त्रज्ञ या भाषांना एकाच कुटुंबातल्या मानतात. म्हणूनच ट्रायमध्ये आपला ‘त्रि’ ऐकू येतो आणि दातांच्या डेंटिस्टमध्ये आपला ‘दंत’.

एक सावधगिरी मात्र हवी. सायकलच्या पेडलमधला ‘पेड’ म्हणजे पाय. पण लहान मुलांच्या डॉक्टरांना पेडिॲट्रिशियन म्हणतात, त्यातला ‘पेड’ म्हणजे मूल! पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक. दिसायला सारखे, अर्थ निराळे. म्हणून आधी अंदाज करा आणि मग शब्दकोश उघडून खात्री करून घ्या.

चला, विज्ञानाचं पुस्तक काढा. त्यातला सगळ्यात अवघड वाटणारा इंग्रजी शब्द निवडा आणि आजच फोडून बघा!